शिकण्याची शैली, की आधीचं ज्ञान?

शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभांत आणि मुलांच्या 'कल चाचण्या' घेणाऱ्यांच्या जाहिरातींत एक समज घट्ट रुजलेला दिसतो. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातांनी करून; प्रत्येकाची शैली ओळखावी आणि त्याला त्याच शैलीत शिकवावं, म्हणजे शिकणं सोपं होईल, असा तो समज. त्यामागची भावना चांगली आहे. वर्गातलं प्रत्येक मूल वेगळं आहे, सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नये, ही शिक्षकाच्या मनातली कळकळ त्यातून बोलते. पण भावना चांगली असली म्हणून विधान खरं ठरत नाही. मुलाच्या शैलीनुसार शिकवल्याने ते अधिक शिकतं, याला पुरावा मिळालेला नाही, हे आता पुरेशा ठामपणे सांगता येतं. शिकवताना शिक्षकाने जिच्याकडे आधी बघायला हवं अशी गोष्ट दुसरीच आहे: या मुलाला आज नेमकं काय येतं? या प्रश्नाच्या बाजूने मात्र पुरावा भरपूर आहे आणि त्यातला एक मोलाचा भाग मुंबईच्या महापालिका शाळांतून आलेला आहे.

शैलींची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत रीटा आणि केनेथ डन या दांपत्याने 1970 च्या दशकात तिचा मोठा प्रसार केला. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवातून शिकण्यावरचं आपलं पुस्तक लिहिलं आणि शिकणाऱ्यांचे चार प्रकार मांडले. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये कॉलीन मिल्स यांच्याबरोबर दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी चौकट प्रसिद्ध केली. आज आपल्याकडच्या प्रशिक्षणांत फिरणारी प्रश्नावली बहुतेक वेळा तिचंच एखादं रूप असते. ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या साऱ्या पसाऱ्याचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना शैलींची 71 वेगवेगळी प्रारूपं सापडली. एका प्रारूपात मूल 'दृश्य' गटातलं, दुसऱ्यात ते 'चिंतनशील', तिसऱ्यात 'समग्र विचार करणारं'. ज्या गुणाचं वर्गीकरण करायला 71 पद्धती निघतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, तो गुण मुळात आहे तरी का, ही शंका तिथेच यायला हवी होती. ती फारशी आली नाही. सान डेकर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची पाहणी केली. आवडत्या शैलीत माहिती मिळाली की माणूस जास्त चांगलं शिकतो, या विधानाला ब्रिटनमधल्या 93 टक्के आणि नेदरलँड्समधल्या 96 टक्के शिक्षकांनी होकार दिला होता.

हा समज तपासायचा कसा, हे समजून घेणं आवश्यक आहे, कारण बहुतेक वाद इथेच भरकटतात. 'दृश्य' मुलांना चित्रांतून शिकवलं आणि ती छान शिकली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही; 'श्राव्य' मुलंही त्याच चित्रांतून तेवढीच छान शिकली असती, तर श्रेय चित्रांचं, शैलीचं नव्हे. म्हणून चाचणी अशी हवी: आधी शैलीनुसार गट करायचे, मग प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना एका रीतीने आणि निम्म्यांना दुसऱ्या रीतीने शिकवायचं, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. दृश्य गटाला चित्रांनी आणि श्राव्य गटाला ऐकण्याने जास्त गुण मिळाले, म्हणजे दोन्ही रेषांनी एकमेकींना छेद दिला, तरच शैलीचा दावा खरा. हॅरल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये ही कसोटी घेऊन उपलब्ध संशोधन चाळलं. कसोटीला उतरतील असे अभ्यास त्यांना जवळजवळ सापडलेच नाहीत आणि ज्यांची आखणी चोख होती, त्यांतल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या थेट उलट होते. पुढे 2015 मध्ये बेथ रोगॉव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर प्रयोग केला. एकच मजकूर काहींनी ऐकला, काहींनी वाचला. लगेच घेतलेल्या चाचणीत आणि दोन आठवड्यांनंतरच्या चाचणीतही, व्यक्तीची पसंती आणि तिला मिळालेली पद्धत जुळण्याचा आकलनाशी काही संबंध दिसला नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. 'मला आकृती पाहिल्याशिवाय समजतच नाही' असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. पसंती खरी असते. पण एखादी पद्धत आवडणं आणि तिच्यातून जास्त शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण किती शिकलो याचा आपला स्वतःचा अंदाज फार कच्चा असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग याबाबतीत डोळे उघडणारा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि मग तीन वेळा, पुस्तक न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 61. आणि आपल्याला हे पुढे चांगलं आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. जे सुलभ वाटतं ते टिकतंच असं नाही. इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा 2018 मध्ये असाच अभ्यास झाला. आपली शैली कोणती हे कळल्यावरही बहुतेकांनी त्यानुसार अभ्यास केला नाही, आणि ज्यांनी केला त्यांना जास्त गुण मिळाले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की शिक्षकाने फळा, चित्र, वस्तू, गाणं अशी अनेक साधनं वापरली की वर्ग खुलतो, हा तर रोजचा अनुभव आहे. तो अगदी बरोबर आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. शब्द आणि चित्र एकत्र आले की आठवणीला दोन वाटा मिळतात, हे अॅलन पायविओ यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं, आणि रिचर्ड मायर यांच्या पुढच्या प्रयोगांनी त्याला बळ दिलं. हा फायदा साऱ्या मुलांना होतो, कोणा एका गटाला नव्हे. कोणतं साधन घ्यायचं हे ठरतं शिकवायच्या विषयावरून. सह्याद्रीच्या पश्चिमेला धो धो पाऊस पडतो आणि माण-खटाव कोरडं का राहतं, हे सांगायला नकाशा आणि डोंगराचा आडवा छेद हवाच. 'श्राव्य' ठरवलेल्या मुलालाही तो हवा. ओवीची लय कानावर पडल्याखेरीज कळणार नाही, मग मूल कितीही 'दृश्य' असो. सूर्यनमस्कार घातल्याशिवाय येत नाहीत. शाळेत जे शिकायचं असतं त्याचा मोठा भाग ना चित्र असतो ना आवाज. तो अर्थ असतो. लोकशाही म्हणजे काय, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागल्यावर उत्तर मोठं का येतं, हे डोळ्यांत किंवा कानांत साठवायचं नसतं, समजून घ्यायचं असतं.

हॉवर्ड गार्डनर यांचं नावही या चर्चेत हमखास निघतं. बुद्धी एक नसून अनेक आहेत, हा सिद्धांत त्यांनी 1983 मध्ये मांडला. त्या सिद्धांतावर मानसशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेतच, पण ते बाजूला ठेवले तरी बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. एखाद्या मुलीचा गळा सुरेल आहे, यावरून तिला बीजगणित गाण्यातून शिकवावं असं निघत नाही.

मग मुलांतला फरक कुठे शोधायचा? डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच निःसंदिग्ध उत्तर दिलं होतं: शिकण्यावर सर्वांत मोठा प्रभाव पडतो तो शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे याचा, ते शोधा आणि तिथून शिकवा. हा प्रभाव किती मोठा असतो, हे डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या 1988 च्या अमेरिकी प्रयोगात लख्ख दिसतं. सातवी-आठवीच्या 64 मुलांना त्यांनी बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. मुलांचे चार गट होते: वाचनात हुशार आणि कच्ची, आणि त्या प्रत्येकात बेसबॉल जाणणारी आणि न जाणणारी. वाचून झाल्यावर छोट्या मैदानावर लाकडी बाहुल्या हलवून डाव पुन्हा मांडायचा होता, घडलेलं सांगायचं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे होती. एवढंच नाही, तर खेळ जाणणाऱ्यांत हुशार आणि कच्चा हा भेद जवळपास उरलाच नाही. वाचनाचं 'कौशल्य' म्हणून आपण जे मोजतो, त्यात विषयाची माहिती केवढी मिसळलेली असते! आपल्या क्रिकेटवेड्या घरांत हा प्रयोग कोणालाही पटेल. आता एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या मुलीपुढे लोकल गाडीच्या प्रवासाचा धडा ठेवा, आणि तिला तो समजला नाही म्हणून तिची 'वाचनशैली' तपासायला घ्या. तिची अडचण कुठे आहे आणि आपण कुठे शोधतो आहोत, हे लगेच ध्यानात येईल.

गंमत अशी की शिकण्याचे मोठे सिद्धांत आपसांत कितीही भांडले, तरी या एका मुद्द्यावर ते फारसे दूर नाहीत. आपल्या अध्यापक विद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ टाचणं लिहिली गेली ती शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीवर. प्रस्तावनेत 'पूर्वज्ञान' जागवायचं, मग हेतुकथन, मग विषयविवेचन. हर्बार्टच्या अनुयायांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेली ही चौकट आज जुनाट वाटते, पण नवा विचार जुन्या विचारांच्या आधारानेच मनात घर करतो, हे तिचं बीज पक्कं होतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, बी. एफ. स्किनर यांनी 1950 च्या दशकात शिकवणाऱ्या यंत्रांचा पुरस्कार केला. सराव, लगेच मिळणारी दाद आणि छोट्या छोट्या पायऱ्या हे वर्तनवाद्यांचं देणं आहे. पायरी छोटी असावी याचाच अर्थ, ती मूल उभं आहे तिथून सुरू व्हावी. झां पियाजे आणि लेव्ह वायगॉट्स्की दोघेही 1896 चे. पियाजेने दाखवलं की पसरट भांड्यातलं पाणी उंच नळकांड्यात ओतलं की लहान मुलाला ते वाढल्यासारखं वाटतं. मूल चुकत नसतं, त्याच्याजवळच्या समजुतीने विचार करत असतं. क्षयाने 1934 मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच गेलेल्या वायगॉट्स्कीने शिकवणाऱ्याचं लक्ष त्या पट्ट्याकडे वेधलं, जिथे मुलाला एकट्याने जमत नाही पण मदतीने जमतं. हा पट्टा कुठून सुरू होतो हे कळायला, त्याला एकट्याने काय जमतं हे आधी कळावं लागतं. शिक्षक पात्रता परीक्षेसाठी लाखो उमेदवार ही सारी नावं पाठ करतात. 'खालीलपैकी कोण' अशा प्रश्नाला योग्य पर्याय निवडला म्हणून सोमवारी सकाळी तिसरीच्या वर्गात काय करायचं ते उमगत नाही, हे दुःख मात्र उरतं.

सिद्धांत जसाच्या तसा न उचलता मुलांपासून सुरुवात केली की काय घडतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण पालघरच्या किनाऱ्याजवळचं आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सहवासात मॉन्टेसरी पद्धत आत्मसात केली. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने काम करताना, महागडी इटालियन साधनं त्यांनी बाजूला ठेवली. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा पाड्यावर गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. वारली मुलाची 'शैली' कोणती, असा प्रश्न तिथे कोणी विचारल्याचं दिसत नाही. त्याला काय ओळखीचं आहे, हा प्रश्न विचारला गेला.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मूल आपलं ज्ञान आपणच रचतं या विचाराचा, स्वीकार केला; 2010 च्या राज्य आराखड्याने आणि 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने तो शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत नेला. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट त्याचं तीर्थक्षेत्र झालं. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. तिथलं मूळ काम होतं ते प्रत्येक मुलाला कुठे अडतं हे हेरून त्याच्याबरोबर बसण्याचं. पण अनुकरण सोपं असतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचं, आणि अनेक ठिकाणी फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, तळफळे आणि लटकवलेले तक्ते एवढाच ज्ञानरचनावाद उरला. मूल आपलं ज्ञान आपणच रचतं, हे शिकण्याविषयीचं विधान आहे. त्यावरून शिकवण्याची एकच ठरावीक पद्धत निघत नाही. गप्प बसून गोष्ट ऐकणारी मुलगी मनात पुष्कळ काही रचत असू शकते, आणि मण्यांच्या माळेशी अर्धा तास खेळलेला मुलगा दशक या कल्पनेपासून तितकाच दूर राहू शकतो. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणितात दाखवलं की नवशिक्याने स्वतः झगडत बसण्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट अभ्यासली, तर तो पुढची तशीच गणितं लवकर आणि कमी चुका करत सोडवतो. कारण मनाला एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी पेलतात. मात्र स्लाव्हा काल्युगा आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये याची दुसरी बाजूही मांडली: विद्यार्थी तयार झाला की तीच सोडवलेली उदाहरणं त्याला अडथळा होतात, आता त्याला स्वतः भिडू द्यायला हवं. शोधू द्यावं की सांगावं, या जुन्या भांडणाचं उत्तर इथे आहे. मुलाला किती येतं त्यावर ते अवलंबून आहे, आणि म्हणून तोच शिक्षक त्याच धड्यात दोन्ही पद्धती वापरील.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, ते हातच्याच्या वजाबाकीवरून पाहू. 52 मधून 27 वजा करायचे आहेत आणि मुलाने 35 लिहिलं. चूक म्हणून लाल फुली मारणं सोपं आहे. पण मुलाने अंदाजाने काही लिहिलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम तो इमाने पाळतो आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्ये अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास करून दाखवलं की मुलांच्या वजाबाकीतल्या कितीतरी चुका अशाच नियमबद्ध असतात. आता या मुलाला काय हवं? 52 म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, हेच त्याला ठाऊक नसेल, तर काड्यांचे गठ्ठे बांधायला-सोडायला हवेत. ते येत असेल पण गठ्ठा सुटा केल्याचं कागदावर कसं लिहायचं ते कळत नसेल, तर काड्या आणि अंकांची मांडणी शेजारी शेजारी करून दाखवायला हवी. दोन्ही येत असेल आणि घाईत चूक झाली असेल, तर सराव पुरे. उत्तर एकच, 35. कारणं तीन, आणि उपाय तीन. 'हा कृतीतून शिकणारा मुलगा आहे' असं म्हणून सगळ्यांच्या हातात काड्या दिल्या, तर तिघांपैकी दोघांचा तास वाया गेला. इथे मराठी मुलाची एक अडचण जास्तीची आहे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी लिहावे लागतात. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीने 2019 च्या दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'पन्नास दोन' अशी नावं दिली, ती याच कारणासाठी. त्यावर मोठा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात; पण मूल नेमकं कुठे अडखळतं याचा विचार करून घेतलेला तो निर्णय होता, आणि पाठ्यपुस्तकाविषयीची चर्चा त्याच पातळीवर व्हायला हवी होती.

आता मुंबईकडे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच, साधारण माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित शिकवायची. इयत्तेचा अभ्यासक्रम नव्हे, त्या मुलांना जिथून येत नव्हतं तिथून. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2001 पासून यादृच्छिक पद्धतीने शाळा निवडून त्याचा अभ्यास केला आणि 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी गुणांत 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाची वाढ झाली, आणि ही वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांची होती. कमी मानधनावरच्या, अल्प प्रशिक्षित मुलींनी हे साधलं. पुढे बिहार आणि उत्तराखंडमधल्या प्रयोगांत एक बोलकी गोष्ट आढळली: सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिल्याने फारसं काही बदललं नाही. हरियाणात मात्र शाळेच्या वेळेतला ठरावीक तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून, मुलांना काय येतं त्यानुसार गट केले, तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून भाषेत प्रगती झाली. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं, त्या कामात या प्रयोगांचा वाटा होता. शैलीनुसार शिकवण्याच्या बाजूने या तोडीचा एकही पुरावा पुढे आलेला नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो आपल्या समाजात तर जास्तच गंभीर आहे. येण्या-न येण्यावरून गट केले की 'ढ' मुलांची तुकडी तयार होते, आणि तिच्यात कोणाची मुलं जातात हे आपल्याला चांगलं माहीत आहे. 'अ' आणि 'ड' तुकड्यांचा इतिहास शाळांनी पाहिला आहे. म्हणून अटी पाळल्याच पाहिजेत: गट दिवसातल्या थोड्या वेळापुरते, एका कौशल्यापुरते आणि काही आठवड्यांनी बदलणारे, उरलेला दिवस सगळी मुलं एकत्र. गणितात खालच्या गटात असलेली मुलगी वाचनात वरच्या गटात असू शकते. 'या मुलाला अजून जोडाक्षरं येत नाहीत' हे विधान महिन्याभरात खोटं ठरवता येतं आणि तेच शिक्षकाचं काम असतं. 'हे मूल वाचून शिकणारं नाही' हा शिक्का मात्र कायमचा बसतो, आणि ज्याला वाचनाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच मुलाला वाचनापासून दूर नेतो. शैलीचा समज निरुपद्रवी आहे असं म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका परिणामाचा तरी विचार करावा. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला ब्रेल, खुणांची भाषा, वेगळी साधनं मिळणं हा त्याचा हक्क आहे. वाचनात विशिष्ट अडचण असलेल्या मुलालाही नेमकी, प्रशिक्षित मदत हवी. पसंतीची प्रश्नावली या दोघांच्याही उपयोगाची नाही.

शिक्षकांचा आक्षेप व्यवहाराचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला, तरी कितीतरी वर्ग त्याहून भरलेले आहेत, दोन इयत्ता एकत्र आहेत, भाग संपवायचा आहे, माहिती ऑनलाइन भरायची आहे. प्रत्येक मुलाला काय येतं हे बघायला वेळ कुठून आणायचा? हे गाऱ्हाणं खरं आहे. पण त्यासाठी दर वेळी लेखी चाचणी लागत नाही. पाटी पुरते. प्रश्न विचारला, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहिलं, एकदम वर धरलं, की कोण कुठे आहे ते मिनिटभरात दिसतं. हात वर करणाऱ्या चार मुलांवरून वर्गाचा अंदाज बांधावा लागत नाही. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये शेकडो अभ्यास पाहून हेच सांगितलं होतं की शिकवत असतानाच समज तपासत राहणं आणि त्यानुसार पुढचं पाऊल बदलणं यातून मुलांचं शिकणं लक्षणीय वाढतं. पाच शब्द, एक वाक्य, एक परिच्छेद आणि एक गोष्ट एवढ्या साहित्यावर एका मुलाची वाचनाची पातळी काही मिनिटांत कळते. शैलीच्या प्रश्नावल्या भरून घ्यायला आणि त्यांचे तक्ते करायला जो वेळ जातो, तो इकडे वळवता येईल. वेळापत्रकात त्यासाठी रोजचा एक तास राखून ठेवणं हे मात्र एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. तो अधिकार मुख्याध्यापकांचा, शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांचा आणि सरकारचा आहे, आणि हरियाणाच्या प्रयोगात फरक पडला त्यात असा तास वरून राखला जाण्याचा मोठा वाटा होता.

म्हणून प्रशिक्षणांचा आराखडा करणाऱ्यांना विनंती आहे की शैलींवरचं सत्र काढून टाका आणि तो वेळ मुलांच्या वह्यांमधल्या चुका एकत्र बसून वाचायला द्या. आणि पालकांनो, शाळेने तुमच्या मुलाच्या हाती 'दृश्य', 'श्राव्य' असं लिहिलेलं प्रगतिपत्रक दिलं, तर शिक्षकांना नम्रपणे एवढंच विचारा: त्याला आत्ता कुठपर्यंत येतं, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्याला काय शिकवणार आहात?